'नळ पळत आहे' : इंग्रजी 'रन' आणि आपली क्रियापदं

निळीशाई · सोमवार, रात्री ८:१५

मंडळी, नमस्कार.

बारावी झालेल्या मुलींचा संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग घेतो मी, कराडात. बहुतेकींना नर्सिंगला जायचंय. गेल्या आठवड्यात पुस्तकात एक साधं वाक्य आलं, 'द टॅप इज रनिंग'. एका मुलीने वहीत लिहिलं, 'नळ पळत आहे'. मग तिनेच ते खोडलं आणि हात वर करून म्हणाली, "सर, नळ भिंतीत बसवलेला असतो. तो पळेल कसा?"

प्रश्न बिनतोड होता. 'रन म्हणजे पळणे, धावणे' एवढं पाचवीपासून घोकून घेतलेलं, आणि ते घोकलेलं इथे उपयोगी पडेना. मी तिला उलट विचारलं, "पहाटे पाणी सुटलं की आई काय म्हणते?" ती म्हणाली, "नळ आला." "आणि पाणी बंद झालं की?" "नळ गेला." "आणि तोटी बंद करायची राहिली तर?" तिघी-चौघी एकदम म्हणाल्या, "नळ चालू राहिला."

म्हणजे नळ पळत नाही हे खरं, पण आपल्याकडे तो येतो आणि जातो! भिंतीतला नळ रोज पहाटे येतो आणि आपल्याला त्यात काहीच वावगं वाटत नाही. तेवढीच मोकळीक इंग्रजीने 'रन'ला दिलीय. मुलींच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून वाटलं की यावर इथे नीट चर्चा व्हावी.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात सगळ्यात जास्त अर्थ असलेलं क्रियापद म्हणून पूर्वी 'सेट'चं नाव घेत. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचे ४३० च्या घरात अर्थ होते. पुढे कोशाची उजळणी 'आर' अक्षरापर्यंत आली आणि २०११ मध्ये 'रन'ची नोंद नव्याने पूर्ण झाली. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकांना त्या एका शब्दाला नऊ महिने लागले. एक शब्द आणि नऊ महिने, हे वाचून मला त्या माणसाविषयी फार आदर वाटला.

आता ६४५ अर्थ मुलींना पाठ करायला लावणं हा अन्याय आहे. मला असं दिसतं की जे एकदा सुरू झालं की आपलं आपण पुढे जात राहतं, त्याला इंग्रजी 'रन' म्हणते. आपण मात्र काय जातंय ते बघून क्रियापद निवडतो. पाणी वाहतं. यंत्र चालतं. दुकानही चालतं. रस्ता नदीच्या कडेने जातो. ताप चढतो. विहीर आटते. हात पाठीवरून फिरतो, नजर कागदावरून फिरते. धोका पत्करतात, उधारी थकते, साखर संपते. इंग्रजीत या सगळ्याला 'रन' लावता येतं.

तर विनंती अशी : तुमच्या कामात, घरात, गावात 'रन' कुठे भेटतो आणि तिथे तुम्ही मराठीत खरोखर काय बोलता ते लिहा. कोशातला प्रतिशब्द नको, तोंडातला हवा.


घाटवाट · सोमवार, रात्री ९:०२

सर, माझा सगळा जन्म या शब्दात गेलाय, म्हणून लिहितो. मी मालगाडीवर गार्ड. २०२२ पासून पदाचं नाव ट्रेन मॅनेजर झालं, पण ओळखीचे गार्डच म्हणतात.

आम्ही 'रनिंग स्टाफ'. ड्यूटी संपवून झोपतो ती 'रनिंग रूम'. मिळतो तो 'रनिंग अलाउन्स', किलोमीटरच्या हिशेबाने. स्टेशनात न थांबता गाडी निघून जाणार असेल तर 'रन थ्रू'. यातल्या एकालाही मराठी शब्द आम्ही वापरत नाही. मुकादमापासून स्टेशन मास्तरपर्यंत सगळे 'रन थ्रू'च म्हणतात. घरी बायकोला सांगताना मात्र "गाडी थांबली नाही, डायरेक्ट काढली" असं तोंडात येतं. काढली! गाडी स्वतः गेली असं नाही म्हणत, कुणीतरी ती काढली.

फलाटावर घोषणा होते, 'गाडी चाळीस मिनिटे उशिराने धावत आहे'. हे सरळ इंग्रजीतून आलंय. फलाटावर उभा असलेला एकही माणूस असं बोलत नाही. तो म्हणतो, "पाऊण तास लेट आहे." बरेचदा ती 'धावणारी' गाडी तेव्हा आउटर सिग्नलला उभी असते.

अजून एक सांगतो, जरा जड आहे. रुळावर जनावर सापडलं तर कागदावर 'सीआरओ' लिहितात, माणूस असला तर 'एमआरओ'. शेवटचे दोन शब्द 'रन ओव्हर'. इंग्रजीत गाडी काहीतरी करते. मराठीत आपण म्हणतो 'गाडीखाली सापडला'. गाडीचं नावही कर्ता म्हणून येत नाही. इतक्या वर्षांत मी तो कागद बऱ्याच वेळा भरलाय, आणि दर वेळी मनात मराठी वाक्यच येतं.


तळटीप · सोमवार, रात्री १०:४०

निळीशाई सर, तुमच्या विद्यार्थिनीला सांगा की नळाचं 'रनिंग' हा पुढे चिकटलेला अर्थ नाही. तो शब्दाच्या मुळातच आहे.

जुन्या इंग्रजीत 'रिनन' असं रूप होतं आणि त्यात पाण्याचं वाहणं व माणसाचं धावणं दोन्ही सामावलेलं होतं. जर्मन भाषेने पुढे दोन वेगळी क्रियापदं ठेवली : 'रेनेन' म्हणजे धावणं, 'रिनेन' म्हणजे वाहणं, झिरपणं. इंग्रजीत ती वाटणी टिकली नाही, एकाच 'रन'मध्ये दोन्ही आले. वाहतं नाक, वाहता नळ, गालावरून ओघळणारं पाणी, हे सगळे त्या मुळाशी अगदी इमानदार अर्थ आहेत.

आणि हे परकं वाटायचं कारण नाही, कारण आपल्या घरातही तेच आहे. संस्कृत 'धाव्'चा अर्थ धावणं तसाच वाहणंही. त्याच रूपाचा आणखी एक धातू धुण्याच्या अर्थाचा आहे, त्यावरून 'दंतधावन'. 'द्रु' म्हणजे धावणं, त्यावरून 'द्रव'. म्हणजे बाटलीतला द्रव पदार्थ शब्दशः 'धावणारा' आहे, आणि आईचं मन द्रवलं म्हणतो तेव्हा तिथेही तोच धातू आहे. पळणं आणि वाहणं या दोन गोष्टी माणसाला सुरुवातीपासून सारख्या वाटत आल्या.

आता मला सगळ्यात आवडणारी जोडी. लॅटिनमध्ये धावण्याला 'कुरेरे' म्हणत. त्यातून इंग्रजीत 'करन्ट' आला, 'करन्सी' आली, 'कोर्स' आणि 'करिक्युलम' आले. मराठीकडे बघा. 'करन्ट अकाउंट'ला आपण म्हणतो चालू खातं. 'करन्सी'ला चलन. 'करिक्युलम'ला अभ्यासक्रम, आणि 'क्रम'च्या मुळाशी आहे पाऊल टाकणं. त्यांचा पैसा धावतो, आपला चालतो. त्यांचा विद्यार्थी अभ्यासात धावतो, आपला एकेक पाऊल टाकतो. हे कुणी एका दिवशी बसून ठरवलेलं नाही, पण जुळलंय किती छान!


रानजाई · सोमवार, रात्री ११:०५

'द कलर रन्स' राहिलं की. नवी लाल साडी पहिल्यांदा भिजवली आणि बादली लाल झाली की आई म्हणते, "रंग जातोय गं हिचा." त्याच बादलीत चुकून पांढरा परकर पडला तर त्याला "रंग लागला". म्हणजे साडीचा रंग जातो आणि परकराला लागतो. इंग्रजीत दोन्हीकडचं काम 'रन' करतो. आईने मुठभर खडेमीठ टाकलं त्या पाण्यात. नवीन कापड पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात वेगळंच भिजवायचं, हा तिचा नियम.


सरळसोट · मंगळवार, सकाळी ७:३०

एवढा खटाटोप कशाला, असं मला मनापासून वाटतं. आपण रोज 'प्रोग्रॅम रन केला', 'किती रन झाले' बोलतोच. शब्द मराठीत आलाय. तो घ्या आणि पुढे चला. मुलींना इंग्रजी शिकवायचंय की मराठी?


निळीशाई · मंगळवार, सकाळी ९:१०

सरळसोट, 'रन करणे' मराठीत आलाय हे मान्य, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. पण तो ६४५ पैकी मोजून दोन-तीन अर्थ घेऊन आलाय. 'माझ्या घरातली साखर रन आउट झाली' असं अजून कुणी म्हणत नाही.

आणि दोन्ही शिकवायचंय हेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर. या मुली उद्या वॉर्डात उभ्या राहतील. केसपेपर इंग्रजीत आणि पेशंट मराठीत. मधे त्याच उभ्या. आजीने सांगितलं "नाक गळतंय", तर कागदावर 'रनिंग नोज' लिहायचं. कागदावर 'रनिंग टेंपरेचर' असेल तर नातेवाइकाला "ताप आहे" असंच सांगायचं. 'घरात कुणाला शुगर आहे का?' असं डॉक्टर विचारतात, तेव्हा मनात 'डज इट रन इन द फॅमिली' असतं. त्यांना 'रन = पळणे' हे समीकरण नुसतं अपुरं पडत नाही, नडतं.


काळाकोट · मंगळवार, दुपारी २:२०

घाटवाट यांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे : कर्ता बदलतो. कोर्टात हे रोज दिसतं.

एका आरोपीला दोन कलमांखाली शिक्षा झाली आणि त्या एकाच वेळी भोगायच्या असतील तर इंग्रजी निकालात येतं, 'सेन्टेन्सेस शॅल रन कन्करन्टली'. तिथे शिक्षा धावतात. मराठीत 'आरोपीने सर्व शिक्षा एकत्रित भोगावयाच्या आहेत' असं येतं. शिक्षा धावत नाही, माणूस ती भोगतो. 'शिक्षा एकत्र धावतील' असं एका नवख्या भाषांतरकाराने केलेलं मी वाचलंय. वाचल्यावर अर्थ लागायला मला दोन मिनिटं लागली. आरोपीच्या आईला तो कधीच लागला नसता. आणि गंमत म्हणून नाही, पण 'कन्करन्टली' या शब्दातही तळटीप म्हणतात तो 'कुरेरे' आहेच. सोबत धावणं.

दुसरं उदाहरण १९६३ च्या लिमिटेशन अॅक्टमधलं, म्हणजे आपल्या मुदतीच्या कायद्यातलं. त्याच्या ९ व्या कलमाचा आशय असा की काळ एकदा धावू लागला की नंतर आलेल्या कुठल्याही असमर्थतेने तो थांबत नाही. अशिलाला मी सांगते, "मुदत सुरू झाली बरं का काका, आता तुमचं आजारपण ती थांबवणार नाही." मुदत सुरू होते, मुदत भरते, मुदत टळते. तिचं धावणं मराठीत नाही.


मापटं · मंगळवार, संध्याकाळी ६:४५

बांधकामवाले 'रनिंग'शिवाय जेवत नाहीत! कंपाउंडची भिंत, ओट्याची पट्टी, पडद्याची पाइप, सगळ्याचा भाव 'रनिंग फूट'. उंची-रुंदी धरायची नाही, नुसती लांबी मोजायची. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, रनिंग फूट आणि स्क्वेअर फूट यात फरक काय. त्याला टेप जमिनीवर सोडून दाखवतो : "हा असा सरळ जात राहिला तो रनिंग." टेप खरोखर पळतोच हातातून.

सरकारी कामात 'आरए बिल', म्हणजे रनिंग अकाउंट बिल. काम चालू असताना झालं तेवढ्याचं मागायचं. सगळे 'रनिंग बिल' म्हणतात, नंतर 'फायनल बिल'. आमचे जुने मिस्त्री त्याला 'चालू बिल' म्हणायचे. तळटीप यांचं वाचून कळलं की मिस्त्री अगदी बरोबर होते.


दांडपट्टा · मंगळवार, रात्री ९:३०

क्रिकेट आणल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही.

१७४४ मध्ये इंग्लंडात क्रिकेटचे नियम लिहिले गेले त्या काळी 'रन'ला 'नॉच' म्हणत, म्हणजे खाच. गुण मोजणारा काठीवर चाकूने एकेक खाच पाडत असे. पुढे खाच गेली आणि तिच्या जागी धावणंच मोजमाप झालं. चेंडू सीमेपार गेला तर कुणी एक पाऊलही धावत नाही, तरी चार 'रन' मिळतात. क्रियापदाचं नाम झालं आणि मग त्या नामाला धावण्याची गरज राहिली नाही.

मराठीने इथे जे केलं त्याचा मला अभिमान आहे. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत एक पिढी वाढली. धावा, धावबाद, धावगती, निर्धाव षटक. 'निर्धाव' हा शब्द एकदा हळू म्हणून बघा. 'मेडन ओव्हर'मध्ये धावेचा उल्लेखही नाही, तिथे कुमारिका आहे. मराठीने ती प्रतिमा उचलली नाही, त्या षटकात काय झालं नाही ते सांगितलं. शब्दाला शब्द ठेवायच्या फंदात न पडता खेळाकडे बघून शब्द घडवला.

मैदानात पोरं वेगळं बोलतात, तेही नोंदवतो. 'रन काढले', 'चोरून रन घेतला'. बोलर धावत येतो त्या 'रन-अप'ला आमच्या गल्लीत 'स्टार्ट' म्हणत. "स्टार्ट घेऊन टाकायचा नाही, जागेवरून टाक." इंग्रजी शब्दाला दुसरा इंग्रजी शब्द, आणि तो आमचा आम्ही ठरवलेला.


दूरदेशी · बुधवार, पहाटे ४:१०

न्यू जर्सीतून लिहितेय. माझा सहा वर्षांचा मुलगा व्हिडिओ कॉलवर आजीला म्हणाला, "आजी, माझं नाक पळतंय." आई क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "वाहतंय म्हणतात रे बाळा. नदी वाहते ना, तसं." आता तो दर वेळी 'नाक वाहतंय' म्हणताना हाताने नदी करून दाखवतो. आईने एका वाक्यात जे शिकवलं ते मला चार वर्षांत सुचलं नव्हतं.

दुसरं निवडणुकीचं. इथे उमेदवार 'रन' करतो. ब्रिटनमध्ये तोच उमेदवार 'स्टँड' करतो. आपल्याकडे तो उभा राहतो, म्हणजे ब्रिटिशांसारखा, आणि निवडणूक लढवतो, म्हणजे आपल्यासारखा. 'आमचे काका सरपंचाला उभे राहिलेत' हे इथल्या मैत्रिणीला समजावताना मी 'स्टँडिंग' म्हटलं, तर तिला वाटलं काका कुठेतरी रांगेत उभे आहेत.


चंद्रभागा · बुधवार, सकाळी ११:००

'रन'चं एवढं कौतुक चाललंय, तर आपल्या 'धाव'ची बाजूही कुणीतरी मांडायला हवी.

आमच्या घरात वारी आहे. संकटात देवाला हाक मारतात त्याला 'धावा' म्हणतात. 'देवाचा धावा केला.' इथे धावणारा देव आहे आणि करणारा भक्त, आणि दोघांच्या मधे ती हाक आहे. हे सगळं एका शब्दात. मदतीला कुणी आलं तर तो 'धावून आला', मग तो सायकलवरून का येईना. आणि तोच 'धावून' अंगावरही जातो. "तो अंगावर धावून गेला" म्हटलं की मारामारी. मदतीला की अंगावर, एवढ्याने सगळं बदलतं.

शिवाय 'धावती भेट'. इंग्रज तिला उडती भेट म्हणतात. तिथे ते उडतात आणि आपण धावतो! 'धावता आढावा', 'धावतं वर्णन', आणि 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत'. 'धाव' म्हणजे तिथे कुवत. या वाक्यांत 'रन' बसवून बघा, शेवटच्याला तर हातच लावता येत नाही.

माझं एक निरीक्षण : धावणं कशाच्या तरी दिशेने असतं, पळणं कशापासून तरी. देव धावतो, चोर पळतो. पळवाट, पळपुटा, पळवून नेणं, सगळीकडे पाठ फिरवलेली आहे.


घाटवाट · बुधवार, दुपारी १२:१५

ताई, बाकी सगळं पटलं, शेवटचं नाही. आमच्या सातारा भागात आई म्हणते, "पळत जा अन् साखर घेऊन ये." धावत जा असं घरात कुणी म्हणतच नाही, ते पुस्तकात. शर्यतीतले बैलसुद्धा पळतात. "काय पळालीत बैलं!" म्हणतात, आणि त्यात कौतुक असतं, भीती नसते.


चंद्रभागा · बुधवार, दुपारी १:४०

दादा, मान्य. बैलांचं मला सुचलंच नाही. मग असं म्हणू या की जोडशब्दांत पळण्याला ती पाठ फिरवण्याची छटा आहे, सुट्या 'पळ'ला नाही.


जुनापाट · बुधवार, रात्री ८:५०

वाक्प्रचारांकडे कुणी वळलं नाही म्हणून थोडं लिहितो. यातले बरेच इंग्रजांच्या रोजच्या धंद्यातून आलेत, आणि तो धंदा कळला की वाक्प्रचार पाठ करावा लागत नाही.

'रन ऑफ द मिल' म्हणजे सर्वसाधारण. गिरणीतून जो माल निघाला तो प्रतवारी न करता तसाच उचलायचा, तो हा. आपण 'सरसकट' म्हणतो त्याच्या जवळचा. 'रन रायट' शिकारी कुत्र्यांचा. ठरलेल्या सावजाचा वास सोडून भलत्याच वासामागे सुटलेली कुत्री. आज तो दंगलीला, बेफाम मुलांना, वाढलेल्या वेलींना, सगळ्यांना लावतात. 'कट अँड रन' जहाजांचा. घाईत नांगर वर ओढायला वेळ नसला तर दोर तोडायचा आणि वारा मिळेल तिकडे निघायचं. आपला 'काढता पाय घेणं' याच्या शेजारी बसेल, पण आपल्यात दोर तोडल्याचं नुकसान नाही, नुसतं हळूच निसटणं आहे.

आणि 'रन द गॉन्टलेट'. गॉन्टलेट म्हणजे हातमोजा, म्हणून शिक्षकही मोज्याशी संबंध लावतात. मुळात तो स्वीडिश शब्द 'गाटलोप' होता : गल्ली आणि धाव. सैनिकांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या करायच्या, सगळ्यांच्या हातात छड्या, आणि अपराधी सैनिकाने त्या गल्लीतून पळायचं. सतराव्या शतकात युरोपातल्या लढायांमधून हा शब्द इंग्रजीत आला आणि इंग्रजांच्या कानाला तो ओळखीच्या मोज्यासारखा ऐकू आला. लोक आज तो चौफेर टीका सोसणाऱ्या माणसाला वापरतात. मला मात्र तो शब्द दिसला की ती छड्यांची गल्लीच दिसते.

सशाबरोबर पळायचं आणि कुत्र्यांबरोबर शिकारही करायची, याला आपलं 'दोन्ही डगरींवर हात' अगदी फिट्ट. 'स्टिल वॉटर्स रन डीप'ला आपलं 'उथळ पाण्याला खळखळाट फार'.


तळटीप · बुधवार, रात्री ९:२०

शेवटचं एक तपासून घ्या. इंग्रजी म्हण अबोल माणसाबद्दल आहे : वरून शांत, आत खोल. आपली बडबड्या माणसाबद्दल आहे. नदी एकच, पण त्यांनी डोह पाहिला आणि आपण उतार. अबोल माणसाचं भाषांतर करताना ही म्हण घातली तर वाचणाऱ्याला भलताच माणूस दिसेल.


कळफलक · गुरुवार, सकाळी १०:०५

सॉफ्टवेअरचं मराठीकरण करते. 'रन'च्या बटणावर आम्ही 'चालवा' ठेवतो. यंत्र चालवतात, म्हणून प्रोग्रॅमही चालवायचा. 'रनिंग आउट ऑफ स्पेस'ला 'जागा संपत आली आहे'. एका मसुद्यात 'जागेबाहेर धावत आहे' असं आलं होतं, ते वेळेत सापडलं. अशा ठिकाणी मी डोळे मिटते आणि विचारते, हाच निरोप कपाट भरल्यावर आईने कसा दिला असता? "जागा नाही आता." बहुतेक वेळा तेच वाक्य थोडं नीटनेटकं करून बटणावर जातं.


रानजाई · गुरुवार, दुपारी ३:३०

परकराला रंग 'लागला' लिहिलं तेव्हापासून 'लागणे' डोक्यातून जात नाहीये. कुणी परभाषकाने विचारलं तर कसं सांगायचं? भूक लागली. आग लागली. वेळ लागतो. नोकरी लागली. डोळा लागला. बोअरला पाणी लागलं. झाडाला कैऱ्या लागल्या. दगड लागला. ती माझी मावशी लागते. सुपारी लागली, म्हणजे घशाशी येऊन घाम फुटला. भात लागला, म्हणजे बुडाला करपला. आणि 'गाडी लागली' म्हणजे एक तर फलाटावर आली किंवा घाटात उलटी झाली! तेच दोन शब्द, आणि ऐकणाऱ्याला कधीच चुकत नाही. गिलिव्हर यांच्यासारखं कुणीतरी नऊ महिने बसून 'लागणे' करायला हवं. खूप मनापासून वाटतं हे.


निळीशाई · शुक्रवार, रात्री ८:४०

रानजाई ताई, 'लागणे'चा वेगळा धागा तुम्हीच काढा, मी पहिला प्रतिसाद देईन.

सगळ्यांचे प्रतिसाद आज वर्गात वाचून दाखवले. घाटवाट आणि काळाकोट यांनी सांगितलेली 'कर्ता बदलतो' ही गोष्ट फळ्यावर लिहिली. 'वी रॅन आउट ऑफ शुगर' : इंग्रजीत माणसं काहीतरी करतात. 'साखर संपली' : मराठीत साखरच काय ते करते. मुलींना म्हटलं, वाक्य दिसलं की आधी विचारायचं, आपल्याकडे हे कोण करतं? क्रियापद त्याच्या मागोमाग येतं.

मग प्रत्येकीला घरचं एक उदाहरण आणायला सांगितलं. 'नळ पळत आहे' लिहिणाऱ्या मुलीची आजी मागच्या महिन्यात दवाखान्यात होती, ती रात्री तिच्याजवळ झोपायची. तिने वहीत सलाईनच्या बाटलीचं चित्र काढलं आणि बाजूला लिहून आणलं :

सलाईन लावलं.
सलाईन चालू आहे : द ड्रिप इज रनिंग.
सलाईन जोरात सोडलंय : इट इज रनिंग फास्ट.
सलाईन संपत आलं, सिस्टरला बोलवा : इट इज रनिंग आउट.

खाली पेन्सिलने एक प्रश्न होता. "सर, आजीचा हात सुजला तेव्हा सिस्टर म्हणाल्या, सलाईन बाहेर गेलं. त्यालापण रन म्हणतात का?"

वॉर्डात काम करणारं कुणी इथे असेल तर कृपया सांगा. सोमवारी तिला उत्तर द्यायचंय.